पॅरोलवर आलेल्या माणसाला काय चालतं, काय नाही: एका जामीनदार बहिणीचा अनुभव

२०१७ ची गोष्ट आहे, मी ऑफिसमध्ये होते आणि दादाचा फोन आला. चिमे, विहिरीवरची मोटर जळालीये, तालुक्याला रिवाइंडिंगला टाकून येऊ का? माझा दादा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा आहे, लहानपणी मी त्याला विचारल्याशिवाय ओढ्यावर सुद्धा जात नव्हते, आणि तो मला विचारत होता की तालुक्याला जाऊ का. कारण त्याच्या पॅरोलच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही होती आणि आदेशात लिहिलेलं होतं की पोलीस स्टेशनची हद्द सोडायची नाही, आणि तालुक्याचं गाव आमच्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत येत नाही. मी नाही म्हणाले. बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. मोटर मग शेजारच्या पोराने नेली.

त्या फोनबद्दल लिहायचं कित्येक वर्षं डोक्यात होतं. परवा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं की त्यांचा मुलगा पॅरोलवर येणार आहे तर त्याला लग्नाला दुसऱ्या जिल्ह्यात नेता येईल का, आणि मी त्यांना अर्धा तास सांगत बसले, तेव्हा वाटलं आता लिहूनच टाकू. मी वकील नाही. दादा जन्मठेपेचा कैदी आहे, खुनाच्या गुन्ह्यात, २०११ ला अटक झाली आणि २०१३ ला शिक्षा लागली. त्याने केलं ते चूक होतं आणि ते मी कुठेही लपवत नाही. त्याच्या सगळ्या रजांना जामीनदार मीच राहिले, त्यामुळे जे लिहितेय ते कागद वाचून, खेटे घालून आणि वकिलांना विचारून कळलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोंधळ मिटवूया. लोक पॅरोल, फर्लो आणि जामीन हे तिन्ही एकच समजतात. गावात तर दादा दिसला की लोक म्हणायचे, जामीन झाला वाटतं. जामीन असतो कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे त्याला, किंवा शिक्षेविरुद्ध अपील पेंडिंग असताना कोर्ट देतं. पॅरोल आणि फर्लो या पक्क्या कैद्याच्या, म्हणजे शिक्षा लागलेल्याच्या रजा आहेत, आणि त्या कोर्ट नाही तर सरकारी अधिकारी मंजूर करतात. आपल्याकडे सरकारी मराठीत फर्लोला संचित रजा म्हणतात आणि पॅरोलला अभिवचन रजा. अभिवचन म्हणजे दिलेला शब्द. पॅरोल हा मूळ फ्रेंच शब्द, त्याचाही अर्थ तोच, शब्द, वचन. पूर्वी युद्धकैद्यांना परत लढणार नाही असा शब्द घेऊन सोडायचे, तिथून तो आला. मला हे नाव फार योग्य वाटतं, कारण शेवटी सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

इंग्रजी सिरीज बघणाऱ्यांचा अजून एक घोळ होतो. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे उरलेली शिक्षा बाहेर राहून काढायची, डोक्यावर पॅरोल ऑफिसर, ड्रग टेस्ट, बंदूक बाळगायची नाही, राज्य सोडायचं तर परवानगी. नियम तोडला तर परत आत. तो सुटकेचाच एक प्रकार आहे. आपल्याकडे पॅरोल म्हणजे रजा. ठरलेले दिवस घरी, मग परत जेल. आणि आपल्याकडे सुद्धा सगळीकडे एकच नियम नाही, कारण तुरुंग हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात १९५९ चे फर्लो व पॅरोलचे नियम आहेत, २०१६ आणि २०१८ मध्ये त्यात मोठे बदल झाले. हरियाणात २०२२ चा वेगळा कायदा आहे, तिथे वर्षाला दहा आठवड्यांपर्यंत पॅरोल मिळू शकतो. त्यामुळे टीव्हीवर हरियाणातल्या कुणा बाबाला चाळीस दिवस पॅरोल मिळाल्याची बातमी बघून तुमच्या माणसाला पण तसाच मिळेल असं धरून चालू नका. मी पुढे जे सांगतेय ते महाराष्ट्रातलं आहे.

फर्लो ही काही कारण नसताना मिळणारी रजा, ठराविक शिक्षा भोगली आणि जेलमधली वागणूक चांगली असली की तिच्यासाठी अर्ज करता येतो, ती कारागृहाचे डीआयजी मंजूर करतात. पॅरोलला मात्र कारण लागतं. आईवडील, बायको, मुलं यांच्यापैकी कुणाचं गंभीर आजारपण, बायकोची डिलिव्हरी, पूर, आग, भूकंप, घर पडणं, अशी ती कारणं आहेत, आणि नियमित पॅरोल विभागीय आयुक्त देतात. घरात मयत झालं किंवा मुलामुलीचं, भावाबहिणीचं लग्न असलं तर आकस्मिक पॅरोल वेगळा. मयतासाठी तो जेलचे अधीक्षकच देऊ शकतात, म्हणून तशी वेळ आली तर आयुक्तांकडे धावू नका, थेट जेलला कळवा, मृत्यूचा दाखला किंवा निदान ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन. फाशीची शिक्षा झालेल्यांना हे लागू नाही. बलात्कार, दहशतवाद, खंडणीसाठी अपहरण असल्या काही गुन्ह्यांना फर्लोतून वगळलेलं आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं आणि लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेलं. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे दिवस धरले जात नाहीत. म्हणजे दादा फर्लोवर तीन आठवडे घरी होता ते तीन आठवडे त्याने शिक्षाच भोगली असं कागदावर आहे, आणि पॅरोलवर तीस दिवस होता ते तीस दिवस शिक्षा पुढे सरकली. आम्हाला हे पहिल्या वेळी कुणी सांगितलंच नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये गोव्याच्या एका केसमध्ये परत स्पष्ट केलंय की मुदतपूर्व सुटकेसाठी १४ वर्षांचा हिशोब करताना पॅरोलचा काळ वजा करायचा. या हिशोबाने आमच्या घरात काय झालं ते पुढे सांगते.

पहिली फर्लो दादाने २०१५ ला मागितली आणि ती नामंजूर झाली. पोलीस रिपोर्ट विरोधात गेला. रिपोर्ट कसा होतो तर हवालदार गावात येतात, शेजाऱ्यांचे जबाब घेतात, पोलीस पाटलांना विचारतात, ज्यांच्या घरातला माणूस गेला त्यांना विचारतात, आणि जामीनदार खरंच नातेवाईक आहे का, ठेवून घ्यायला तयार आहे का ते बघतात. नातेवाईक तयार नसेल तर फर्लो मिळतच नाही, तसा नियमच आहे. आमच्याकडे मी तयार होते पण मयताच्या घरच्यांनी हरकत घेतली, गावात तणाव होईल म्हणाले. तेव्हा मला राग आला होता. आता येत नाही. त्यांचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून आहे, त्या माऊलीचा मुलगा गेलाय, तिने माझ्या भावाला गावात बघायला का तयार व्हावं? तिला विचारलं जातं हे योग्यच आहे असं आज मला मनापासून वाटतं. फक्त एक आहे, हरकत आली की आपोआप नामंजूर असं व्हायला नको, कारण काय आहे ते आदेशात लिहिलं पाहिजे. आमच्या पहिल्या आदेशात दोन ओळी होत्या.

नामंजूर झालं म्हणजे संपलं असं नसतं. हायकोर्टात रिट करता येते आणि त्यासाठी पैसे नसले तरी अडत नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अटच नाही. जेलमधूनच अर्ज जातो. खूप लोक हे माहीत नसल्यामुळे दागिने मोडतात, प्लीज असं करू नका. पण ही रजा म्हणजे हक्क आहे असंही समजू नका. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये याच १९५९ च्या नियमांबद्दलच्या केसमध्ये म्हटलंय की फर्लो हा कैद्याचा पूर्ण हक्क नाही, नाकारता येते. त्याच कोर्टाने २०१७ मध्ये राजस्थानच्या एका केसमध्ये असंही म्हटलं होतं की ज्याची वागणूक सातत्याने चांगली आहे त्या कैद्याला काही काळ तरी मोकळ्या हवेत श्वास घेता आला पाहिजे. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि प्रत्येक अर्ज या दोघांच्या मधे कुठेतरी अडकलेला असतो.

२०१७ ला आईचं ऑपरेशन निघालं तेव्हा पॅरोल मंजूर झाला. सिव्हिल सर्जनकडून कागदांची खात्री, परत पोलीस रिपोर्ट, मग आयुक्त कार्यालय, यात आमचे अडीच महिने गेले, आजारी माणूस तोपर्यंत वाट बघतो असं धरूनच सगळं चालतं. मंजूर झाल्यावर अनामत रक्कम भरायची, दादाचा जातमुचलका, माझं हमीपत्र. प्रवासाचा खर्च आपला. सुटताना हातात एक कागद देतात, त्यावर राहायचा पत्ता, हजेरीचं पोलीस स्टेशन आणि परत हजर व्हायची तारीख. तो कागद लॅमिनेट करू नका, त्यावर हजेरीच्या सह्या होतात. आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवला होता.

आता अटी. दादाच्या आदेशात होत्या त्या सांगते, तुमच्या आदेशात थोड्या वेगळ्या असू शकतात, ज्याचा त्याने वाचायचा. दिलेल्या पत्त्यावरच राहायचं. पोलीस स्टेशनची हद्द परवानगीशिवाय सोडायची नाही. रोज एकदा पोलीस स्टेशनला हजेरी. कोणताही गुन्हा करायचा नाही, शांतता आणि सद्वर्तन ठेवायचं, गुन्हेगार लोकांच्या संगतीत राहायचं नाही. फिर्यादी आणि साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. मुदत संपली की स्वतःहून जेलच्या गेटवर हजर व्हायचं. एवढंच. वाचायला दोन मिनिटं लागतात.

पण जगायला बसल्यावर प्रत्येक अटीतून दहा प्रश्न निघतात. पत्ता आमचा गावचा दिला होता आणि आईला ऐनवेळी शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या हॉस्पिटलला हलवायला सांगितलं. ज्या आईसाठी पॅरोल मिळाला ती दुसऱ्या जिल्ह्यात आणि हा गावात हजेरी देतोय. वहिनी म्हणाली कोण बघतंय, एक दिवस जाऊन येऊ दे. माझाही पाय डळमळला होता खरं सांगायचं तर. पण दादाच नाही म्हणाला. मी अर्ज लिहिला, हॉस्पिटलचं पत्र जोडलं, एक प्रत पोलीस स्टेशनला, एक जेलला, एक आयुक्त कार्यालयात, आणि तीन दिवस त्या कार्यालयाच्या बाकड्यावर बसून काढले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परवानगी मिळाली, सात दिवसांसाठी, आणि हजेरी तिथल्या पोलीस स्टेशनला. तोवर आईचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. शुद्धीवर येताना तिने त्याचं नाव घेतलं आणि तो तिथे नव्हता, हे मला आजही लागतं. पण त्याच अर्जामुळे त्याच्या फाईलवर लिहिलं गेलं की बंद्याने परवानगी घेऊन हद्द सोडली, आणि पुढच्या सगळ्या रजांना ते वाक्य कामाला आलं. तर त्या बाईंना मी हेच सांगितलं, लग्नाला नेता येईल पण आधी लेखी परवानगी घ्या, आणि शक्य असेल तर मूळ अर्जातच दोन्ही पत्ते टाका. फोनवर कुणी जा म्हणालं त्याला काही अर्थ नसतो.

घरातलं काम करता येतं का, शेतात जाता येतं का, हे खूप जण विचारतात. आमच्या आदेशात कामाबद्दल एक अक्षर नव्हतं. दादाने बांध घातले, छप्पर शाकारलं, पोरीची सायकल दुरुस्त केली, हद्दीतच मजुरीला पण गेला दोन आठवडे. बँकेत गेला, आधारचा पत्ता बदलला, डोळे तपासून चष्मा केला. मोबाईल वापरता येतो. देवळात, बाजारात, कुणाच्या सुखदुःखात जाता येतं, हद्दीच्या आत असलं की झालं. लेकीच्या शाळेत पालक सभेला जाता येतं आणि तो गेला, मागच्या बाकावर बसला आणि शिक्षकांनी काही विचारायच्या आत उठून बाहेर आला. हे कुठल्याच नियमात नाही, लाज वाटत होती म्हणून.

काही गोष्टी कागदावर नसतात तरी कायद्याने बंदच असतात. पासपोर्टचं विचारूच नका, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर पुढची पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो, आणि शिक्षा चालू असताना परदेशी जायचा प्रश्नच नाही. आमदारकी खासदारकीची निवडणूक लढवता येत नाही, दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा असेल तर शिक्षा संपल्यावरही सहा वर्षं बंदी असते. कुणा पुढाऱ्यांनी बोलावलं तरी प्रचाराला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दादाला गावच्या पॅनलवाल्यांनी नुसतं गाडीत बसायला बोलावलं होतं, चार मतं वळतील म्हणून. गेला असता आणि तिथे जरा जरी वादावादी झाली असती तर सद्वर्तनाची अट त्याच्याच अंगावर आली असती, बाकीच्यांना काय, ते घरी गेले असते.

दुसऱ्या रजेच्या वेळी, म्हणजे २०१९ च्या फर्लोला, त्याच्या जुन्या मित्रांपैकी एकाने स्टेटसला फोटो टाकला, भाऊ परत आला म्हणून, मागे गाणं, तलवारीची चित्रं. एकाच तासात तो फोटो त्या दोन गल्ल्या सोडून असलेल्या घरात पोचला. रात्री नऊला पोलीस स्टेशनमधून फोन, या म्हणून. दादाने फोटो टाकला नव्हता, त्याला माहीत सुद्धा नव्हतं, तो अंगणात बसून लेकीला पाढे विचारत होता. मी साहेबांच्या पुढे अक्षरशः हात जोडले. त्यांनी समजून घेतलं, मित्राला बोलावून फोटो काढायला लावला, दादाचा जबाब घेतला आणि सोडलं. दुसरा कुणी अधिकारी असता तर रजा तिथेच रद्द होऊन त्याच रात्री आत गेला असता, अट मोडली की मुदत संपायची वाट न बघता परत बोलावता येतं. हे वाचणारी तरुण पोरं असतील तर त्यांना विनंती आहे, तुमचा माणूस रजेवर आला की बॅनर, स्टेटस, गाड्यांची रॅली, फटाके यातलं काहीही करू नका. तुमच्या दहा लाइक्ससाठी त्याची पुढची पाच वर्षं जातात, आणि ज्यांचं माणूस गेलंय त्यांच्या दारात तुम्ही नाचताय हे तरी लक्षात घ्या.

मोठ्या लोकांनी तर या रजेचं नावच खराब करून ठेवलंय. २००९ ला दिल्लीत जेसिका लाल खून खटल्यातला मनू शर्मा आईच्या आजारपणाचं कारण देऊन पॅरोलवर आला आणि नाइट क्लबमध्ये दिसला, केवढा गाजावाजा झाला होता, शेवटी मुदतीआधीच तिहारला परत गेला. आपल्याकडे येरवड्यात संजय दत्त होता तेव्हाही त्याच्या रजांवरून किती चर्चा झाली. अशी बातमी आली की पुढचे काही महिने साध्या कैद्यांच्या अर्जांकडे जास्तच संशयाने बघतात असं आम्हाला नेहमी जाणवलंय. ज्याची आई खरंच आजारी आहे त्याचा अर्ज फाईलच्या तळाला जातो.

आता उशीरा हजर होण्याबद्दल. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलते कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. दादाच्या बराकीतला एक जण अकरा दिवस उशीरा गेला. कारण काय, तर लेकराला ताप होता आणि त्याने मुदतवाढीचा अर्ज दिला होता. अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असं नसतं! मंजुरीचा कागद हातात येत नाही तोवर जुनीच तारीख खरी. त्याच्यावर नवीन गुन्हा दाखल झाला, तेव्हा दंड संहितेचं कलम २२४ होतं, आता न्याय संहितेत २६२ आहे. त्याची माफी कापली, माफी म्हणजे चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेतून कमी होणारे दिवस, आणि कापताना उशीराच्या एका दिवसाला एक असं नाही, कित्येक पट कापतात. जामीनदार असलेल्या भावाची अनामत गेली. नंतरची फर्लो नामंजूर. अकरा दिवसांसाठी! आणि त्याची चूक ही की त्याला कुणी सांगितलं नाही, तो पळून गेलेला नव्हता, बाराव्या दिवशी स्वतःच्या पायाने गेटवर आला होता. अशा माणसाला आणि खरोखर फरार झालेल्याला एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं, निदान कारण तरी ऐकावं.

आम्ही प्रत्येक वेळी आदल्या दिवशीच निघायचो. एसटी बंद पडेल, रस्ता बंद होईल, काहीही होऊ शकतं. रात्र जेलच्या गावात नातेवाईकांकडे काढायची आणि सकाळी गेटवर. आत घेताना झडती, वजन, तब्येतीची तपासणी. हजर झाल्याची पोच मी मागून घेते आणि तिचे फोटो काढून तीन ठिकाणी ठेवते.

ही वेळेची शिस्त २०२० ला कशी उपयोगी पडली बघा. कोरोनात सुप्रीम कोर्टाच्या मार्चच्या आदेशानंतर जेलमधली गर्दी कमी करायला मे महिन्यात महाराष्ट्राने नियमात नवीन तरतूद आणली, आकस्मिक पॅरोल, सुरुवातीला ४५ दिवस आणि मग साथ असेपर्यंत ३० ३० दिवस वाढत जायचा. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा असलेल्यांना अट ही होती की आधीच्या शेवटच्या दोन रजांना वेळेत हजर झालेला असला पाहिजे. दादाच्या बरोबर दोनच रजा झाल्या होत्या आणि दोन्ही वेळेत. दोन्ही पोचा माझ्याकडे होत्या. तो घरी आला. हजेरी तीस दिवसातून एकदा.

४५ दिवसांसाठी आलेला माणूस दोन वर्षं राहिला. पहिले दोन तीन महिने रोज सकाळी तो पिशवी भरूनच ठेवायचा, कधी बोलावतील सांगता येत नाही म्हणून. मग हळूहळू पिशवी कपाटात गेली. लेक नववीत होती ती अकरावीला गेली, त्याने तिच्याबरोबर अख्खी दहावीची पुस्तकं वाचली. आई त्याच्या हातची भाकरी खायची. आम्ही सगळे विसरलो की तो रजेवर आहे, हे चुकलंच आमचं. २०२२ च्या उन्हाळ्यात फोन आला, पंधरा दिवसात हजर व्हा. घरात दोन दिवस कुणी जेवलं नाही. गावातले चार लोक म्हणाले इतके जण गेले नाहीयेत, तू कशाला जातोस, एवढ्या लोकांना कोण शोधत बसणार. खरंच अनेक जण गेले नव्हते, २०२३ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाला परत आदेश काढावा लागला की कोरोनात सोडलेल्यांनी पंधरा दिवसात हजर व्हावं.

दादा तेराव्या दिवशी गेला. निघताना मला एवढंच म्हणाला, चिमे तुझी सही आहे ना त्याच्यावर.

आणि मग तो हिशोब. २०११ पासून चौदा वर्षं म्हणजे २०२५, आम्ही सगळे ते वर्ष धरून बसलो होतो. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं असा एक समज आहे तो चुकीचा आहे, जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय खुनाच्या केसमध्ये सरकार सुटकेचा विचारच करू शकत नाही एवढाच त्याचा अर्थ. घरी काढलेली दोन वर्षं पॅरोल होती, म्हणून ती त्यात धरायची नाहीत. २०२५ चं २०२७ झालं. मी त्याला मुलाकातीत काचेच्या पलीकडे हे सांगितलं तेव्हा तो गप्प बसला, मग म्हणाला, दोन वर्षं आईजवळ होतो, ती गेली नाहीत माझी. मला अजून ठरवता येत नाही की हा नियम योग्य आहे का. घरी होता, मजेत नाही पण मोकळा होता, हे खरंय. पण ती रजा त्याने मागितली नव्हती, जेल रिकामी करायची होती म्हणून सरकारने दिली होती, हजेरी लावत होता, हद्दीत होता. निदान जे स्वतःहून परत गेले त्यांच्यासाठी तरी याचा वेगळा विचार व्हायला हवा होता असं मला वाटतं, आणि मी हे दर वेळी म्हणत राहणार.

या सगळ्यात मला नेहमी आठवतं ते आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर. औंध संस्थानाने १९३९ ला तिथे कैद्यांची खुली वसाहत काढली, भिंती नाहीत, कैदी शेती करतात, कुटुंबाला बरोबर ठेवतात. ऐंशीहून जास्त वर्षं झाली त्या प्रयोगाला आणि तो आपल्याच मातीतला आहे. माणसावर विश्वास टाकायची पद्धत आपल्याला कुणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती.

सध्या दादाची नवीन फर्लोची फाईल फिरतेय. हवालदार साहेब या आठवड्यात जबाबाला येतील असा निरोप आहे. रेशनकार्डची झेरॉक्स, घरपट्टीची पावती, माझे दोन फोटो, मागच्या तिन्ही वेळच्या हजर झाल्याच्या पोचा एका फाईलला लावून ठेवल्यात. या वेळी पत्ते दोन टाकलेत, गावचा आणि माझा, कारण आईला आता दर महिन्याला तपासणीला माझ्याकडे आणावं लागतं. आणि मी परवा पहिल्यांदाच त्या दोन गल्ल्या पलीकडच्या घरी जाऊन आले, तो येणार असेल तर कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी आमच्याकडून कळावं म्हणून. त्या काकूंनी आत या म्हटलं नाही, पण दार पण लावलं नाही. मी उंबऱ्याबाहेर उभी राहून तारीख सांगितली, तो तुमच्या गल्लीने जाणार नाही काकू, एवढं म्हणाले आणि परत आले.